पाठीवरचं बिऱ्हाड

सकाळी जुना ड्राइव्ह काढून ठेवला, नव्या ड्राइव्हवरची कॉपी पूर्ण झाल्याची खात्री केली आणि व्हर्च्युअलबॉक्स उघडला. एका संगणकाच्या पोटात दुसरे संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं, चालवणारा हा प्रोग्रॅम. डावीकडच्या यादीत आठ मशिनं होती आणि आठांखाली एकच शब्द होता, 'इनॲक्सेसिबल'. फाइल मॅनेजरमध्ये मात्र सगळं जागच्या जागी होतं. आठ फोल्डर, त्यांतल्या डिस्कच्या फायली, आकार बाइटपर्यंत जुळणारे. माझ्या डोळ्यांना जे दिसत होतं ते त्या प्रोग्रॅमला दिसत नव्हतं.

पोटात खड्डा पडला. त्या आठांपैकी एक मशीन माझ्यासाठी फार मोलाचं होतं. आत विंडोज एक्सपी, तिच्यावर एक जुना प्रोग्रॅम, आणि त्या प्रोग्रॅमखेरीज दुसऱ्या कशातही न उघडणाऱ्या माझ्या सुरुवातीच्या वर्षांच्या कामाच्या फायली. एक्सपीचा अधिकृत पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये संपला. नव्या संगणकावर ती चढवणं आता जवळजवळ अशक्य आहे. व्हर्च्युअल मशीन ही त्या कामापर्यंत जाणारी शेवटची वाट होती.

व्हर्च्युअल मशीनबद्दल बोलताना आपण सगळेच एक वाक्य सहज वापरतो, की ते काय, नुसती फाइल तर आहे. उचलली की संगणक उचलला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. या कल्पनेचं मूळही तेच आहे. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली तेव्हा एका अवाढव्य यंत्रावर बसलेल्या प्रत्येकाला आपल्यापुरता एक स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखं वाटे. यंत्र लोखंडातून सुटून वर्णनात आलं. आणि वर्णन कुठेही नेता येतं, असं आपण गृहीत धरून बसलो.

पण वर्णनात पत्तेही असतात, आणि बिऱ्हाड हललं तरी पत्ते आपोआप बदलत नाहीत. आठ मशिनांसमोर मी दोन-तीन मिनिटं नुसती बसून होते. तेवढ्या वेळात एवढंच पक्कं केलं की यातलं काही मोडलेलं नाही. डिस्क शाबूत आहेत, हरवला आहे तो त्यांचा ठावठिकाणा. मोडलेल्या वस्तूला दुरुस्ती लागते आणि हरवलेलीला शोध. या कामात जी मोठी नुकसानं होतात ती बहुतेक हरवलेल्या गोष्टीची दुरुस्ती करायला गेल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे. ते कसं झालं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी केव्हीएमवरची, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेवरची, तीन मशिनं मी अशीच हलवली होती. त्यांच्या डिस्क क्यूकाउ-२ प्रकारच्या होत्या. या प्रकारात एक सुंदर सोय आहे. एक मूळ डिस्क तयार ठेवायची आणि तिच्यावर दुसरी, जवळजवळ रिकामी डिस्क रचायची. नवीन काही लिहिलं की ते वरच्या डिस्कवर जातं, वाचताना वर न सापडलेलं खालून घेतलं जातं. मूळ डिस्क एक आणि तिच्यावर कितीही लेकरं. प्रत्येक लेकरू फक्त आपला वेगळेपणा जपतं, बाकी सगळं मूळपुरुषाकडून उसनं घेतं. जागा वाचते, नवं मशीन क्षणात उभं राहतं.

ड्राइव्ह बदलल्यावर वरची डिस्क सुरू होईना, कारण तिच्या हेडरमध्ये, म्हणजे फायलीच्या सुरुवातीच्या नोंदीत, मूळ डिस्कचा जुना पूर्ण पाथ, म्हणजे पत्ता, लिहिलेला होता. त्या दिवशी मला ते कळलं नाही. मला वाटलं, कॉपी करताना मूळ डिस्कच खराब झाली असेल. ती धड आहे का हे बघायला मी मूळ डिस्क थेट एका मशीनला जोडून बूट केली. छान सुरू झाली. मी हुश्श केलं आणि बंद केली.

त्या दोन-तीन मिनिटांत आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने आपली नेहमीची कामं केली. लॉग लिहिले, तात्पुरत्या फायली बनवल्या, फाइल सिस्टिमच्या वहीत नोंदी केल्या. मूळपुरुष बदलला. वरचं लेकरू मात्र जुन्या मूळपुरुषाच्या भरवशावर होतं. त्याच्याकडे होते ते फक्त फरक, आणि ज्याच्यापासूनचे ते फरक होते ते आता जगात नव्हतं. नंतर पाथ दुरुस्त करून ते मशीन सुरू केलं तेव्हा ते सुरू झालंही. कुठे एररचा शब्द नाही. फायलींची नावं बरोबर होती, पण काही उघडल्या की आत भलताच मजकूर होता. डेटाबेस पहिल्या मोठ्या क्वेरीला कोसळला. कित्येक महिन्यांच्या नोंदी त्यात होत्या. मूळ ड्राइव्ह तोवर मी पुसून दुसऱ्या कामाला घेतला होता. त्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

हे झाल्यावर मी डिस्कच्या वेगवेगळ्या प्रकारांच्या पोटात काय लिहिलेलं असतं ते नीट वाचलं. व्हीएमवेअर या अशाच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या व्हीएमडीके डिस्कच्या वर्णनात प्रत्येक डिस्कचा एक सीआयडी, म्हणजे मजकुराचा ओळख क्रमांक, असतो, आणि लेकराच्या वर्णनात पालकाचा सीआयडी नोंदलेला असतो. पालकावर काही लिहिलं गेलं की त्याचा सीआयडी बदलतो आणि लेकरू उघडायला नकार मिळतो, की या डिस्कचा पालक तिच्या जन्मानंतर बदलला आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय डिस्कच्या हेडरमध्येही स्वतःची ओळख, शेवटच्या बदलाची खूण, पालकाची ओळख आणि पालकाच्या बदलाची खूण अशा चार वेगळ्या नोंदी असतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या व्हीएचडीएक्स डिस्कमध्येही पालक बदलल्याचं ओळखणारी खूण आहे. क्यूकाउ-२ लेकराच्या हेडरमध्ये मात्र पालकाचं नाव आणि त्याचा प्रकार एवढंच असतं. त्या नावाची फाइल तिथे आहे ना, मग झालं. ती तीच आहे का, मधल्या काळात बदलली का, हे कुणी विचारत नाही.

म्हणून आता 'पालक डिस्क बदलली आहे, मशीन सुरू करता येत नाही' असा संदेश आला की मला राग येत नाही. तो संदेश म्हणजे दारावर थांबवणारा पहारेकरी आहे. मला पोळलं ते जिथे पहारेकरी नव्हता तिथे.

तर या खेपेला आठ मशिनांसमोर बसले तेव्हा पहिला नियम आधीच पाळलेला होता. जुना ड्राइव्ह जसाच्या तसा बाजूला ठेवला होता. त्यावरची कुठलीही डिस्क सुरू करायची नाही आणि जोडायचा झाला तर फक्त वाचण्यापुरता जोडायचा. दुसरं काम राहिलं होतं ते म्हणजे दोन्हीकडच्या फायलींची शा-२५६ बेरीज, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवणं. हे नव्या ड्राइव्हवरचं मशीन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच करता येतं. एकदा बूट झालं की डिस्क बदलते आणि मग दोन्हीकडच्या बेरजा वेगळ्या येणारच. तुलनेची संधी एकदाच मिळते. जुना ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडला आणि बेरजा करायला लावल्या. सगळ्या जुळेपर्यंत दुपार झाली, पण त्यानंतर मन शांत होतं. आकार जुळणं आणि मजकूर जुळणं यांत फार अंतर आहे.

आठांपैकी सात सोपी निघाली. व्हर्च्युअलबॉक्स आपली सगळी मशिनं एका मुख्य नोंदवहीत ठेवतो, व्हर्च्युअलबॉक्स.एक्सएमएल नावाच्या फायलीत. तिथे प्रत्येक मशीनची ओळख आणि त्याच्या .व्हीबॉक्स फायलीचा पाथ एवढंच असतं. मशीनचं खरं वर्णन त्या .व्हीबॉक्समध्ये, म्हणजे मेमरी किती, कंट्रोलर कोणता, डिस्क कुठली, स्नॅपशॉटची, म्हणजे मधेमधे जपून ठेवलेल्या स्थितींची, वंशावळ कशी. मशीनच्या स्वतःच्या फोल्डरात असलेल्या डिस्कचे पाथ तिथे सापेक्ष असतात. त्यामुळे यादीतली जुनी नोंद काढायची आणि नव्या ठिकाणची .व्हीबॉक्स फाइल 'ॲड' करायची, की मशीन उभं राहतं. काढताना 'फक्त नोंद काढा' आणि 'सगळ्या फायली पुसा' हे दोन पर्याय शेजारी-शेजारी येतात. तिथे बोट सावकाश चालवावं.

आठवं मशीन अर्थातच एक्सपीचं होतं. त्याची मूळ डिस्क मी कधीकाळी जागा पुरत नव्हती म्हणून मशीनच्या फोल्डरबाहेर, दुसऱ्या एका फोल्डरात ठेवली होती. बाहेरच्या डिस्कचा पाथ .व्हीबॉक्समध्ये पूर्ण लिहिला जातो. शिवाय या मशीनला पाच स्नॅपशॉट होते, म्हणजे मूळ डिस्कवर एकावर एक पाच लेकरं, लांबलचक यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, हेच नाव असलेली, स्नॅपशॉट्स फोल्डरात. सगळ्यात वरच्या लेकराला आज काय आहे ते ठाऊक, पण आपण कशावर उभे आहोत ते खालच्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. खालच्याचं खालच्याला. आणि सगळ्यात खालचा मूळपुरुष नव्या पत्त्यावर गेलेला.

इथे दोन मोह होते. पहिला सगळ्यांना होतो, की नवं मशीन बनवा आणि जुनी डिस्क जोडा, काम तमाम. हा सल्ला एकट्या डिस्कला चालतो. स्नॅपशॉट असताना जुनी डिस्क म्हणून बहुतेक जण मोठी, ओळखीच्या नावाची डिस्क उचलतात आणि ती नेमकी मूळ डिस्क असते. ती सुरू होते, आत पहिल्या स्नॅपशॉटच्या आधीचं जग दिसतं, माणूस म्हणतो माझं सगळं गेलं. गेलेलं नसतं, ते वरच्या लेकरांत असतं. पण मूळ डिस्क बूट केल्यामुळे आता ते खरंच जायला लागतं. शिवाय एक्सपीसारख्या जुन्या पाहुण्याला, म्हणजे आत चालणाऱ्या सिस्टिमला, नव्या मशीनमध्ये साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्क जोडणारा नव्या धाटणीचा भाग, मिळाला तर तिच्याकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. निळा पडदा येतो, कोड ७बी, म्हणजे बूटची डिस्कच सापडत नाही. डिस्क धड असते, तिच्यापर्यंतची गल्ली बदललेली असते. जुनं मशीन आयडीई या जुन्या धाटणीच्या कंट्रोलरवर होतं, तर नवंही आयडीईवरच ठेवायचं.

दुसरा मोह जरा जाणकार माणसाला होतो, आणि मला झाला. बेरजा करायला जोडलेला जुना ड्राइव्ह मी अजून काढला नव्हता. नवी मूळ डिस्क व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमध्ये, म्हणजे डिस्कच्या यादीत, दाखवल्याबरोबर संदेश आला, की याच यूयूआयडीची डिस्क आधीच नोंदलेली आहे. साहजिक आहे. कॉपी म्हणजे हुबेहूब, ओळखपत्रासकट. एका ओळखपत्रावर दोन इसम व्हर्च्युअलबॉक्सला चालत नाहीत. यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे व्हीबॉक्समॅनेजची सेटएचडीयूयूआयडी ही आतली कमांड. ती डिस्कला नवी ओळख देते. कमांड टाइप करून झाली होती, एंटरवर बोट होतं.

मग डिस्कच्या हेडरमधल्या त्या चार नोंदी आठवल्या. पाच लेकरांपैकी सगळ्यात खालच्या लेकराच्या हेडरमध्ये मूळ डिस्कची ओळख पालक म्हणून लिहिलेली आहे. मूळ डिस्कचं ओळखपत्र बदललं तर लेकराला आपला पालक सापडणार नाही, आणि त्याच्यावरच्या चौघांचाही आधार जाईल. ज्या डिस्कला लेकरं नाहीत तिला नवं ओळखपत्र देणं निर्धोक आहे. जिला आहेत तिची ओळख ही एकटीची मालमत्ता राहिलेली नसते. मी ओळ पुसली.

खरा उपाय साधा होता. जुना ड्राइव्ह पुन्हा काढला, म्हणजे त्या ओळखीची एकच डिस्क उरली. मीडिया मॅनेजरमधून जुन्या पाथच्या नोंदी काढल्या आणि डिस्कच्या फायली ठेवायच्या की पुसायच्या असं विचारलं तिथे 'ठेवा' निवडलं. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या सगळ्या खिडक्या बंद करून थोडं थांबले. हे थांबणं महत्त्वाचं आहे. खिडकी बंद झाली तरी मागे व्हीबॉक्सएसव्हीसी नावाची सेवा थोडा वेळ जागी असते, तिच्या मनात जुनी नोंदवही असते, आणि आपण मधेच हाताने केलेला बदल ती आपल्या आठवणीने पुसून टाकू शकते. सेवा थांबल्यावर .व्हीबॉक्सची एक प्रत काढून ठेवली, मूळ डिस्कच्या पाथची ती एक ओळ बदलली, सेव्ह केलं, मशीन पुन्हा जोडलं. डिस्कची वंशावळ मीडिया मॅनेजरमध्ये खालपासून वरपर्यंत उघडली, पाचही लेकरं आपापल्या जागी होती.

पण मी ते लगेच सुरू केलं नाही. या आठांशिवाय त्याच ड्राइव्हवरून आणलेली आणखी तीन मशिनं होती, केव्हीएमची. ती आधी हाती घेतली.

तिथली गोष्ट वेगळी होती. पाथ दुरुस्त करायला मी तयारच होते. मशीनच्या एक्सएमएलमधला डिस्कचा पाथ व्हर्श एडिट या कमांडने बदलला, लेकरू-डिस्कमधला पालकाचा पाथ क्यूईएमयू-आयएमजीच्या रीबेस कमांडने बदलला. या कमांडला 'यू' हा पर्याय दिला की ती डेटाला हात लावत नाही, फक्त हेडरमधलं नाव बदलते. त्याला 'अनसेफ' म्हणतात. नाव ऐकून लोक घाबरतात, आणि थोडं घाबरायलाच हवं, कारण नव्या नावाची फाइल खरोखर तीच जुनी पालक डिस्क आहे याची हमी आपल्याला द्यायची असते. माझ्याकडे जुळलेल्या बेरजा होत्या, म्हणून ती हमी मी देऊ शकले.

सगळं बरोबर, तरी 'परमिशन डिनाइड'. फायलीचे अधिकार बघितले, सगळ्यांना वाचायला-लिहायला मोकळीक. मालकही बरोबर. तासभर मी त्या एका फायलीकडेच बघत होते, आणि चूक फायलीत नव्हतीच, वाटेत होती. नवा ड्राइव्ह डेस्कटॉपने आपोआप जोडला होता, माझ्या नावाच्या एका फोल्डरखाली, आणि त्या वरच्या फोल्डरात माझ्याशिवाय कुणालाही पाऊल टाकायची परवानगी नव्हती. व्हर्च्युअल मशीन मात्र माझ्या नावाने चालत नाही, ते प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमच्या वेगळ्या खात्याने चालतं. घराचं दार सताड उघडं आणि गल्लीच्या तोंडाला कुलूप, अशी अवस्था. नेमआय या छोट्याशा कमांडला 'एल' पर्याय देऊन पूर्ण पाथ दिला तर ती मुळापासून प्रत्येक पायरीचे अधिकार ओळीने मांडून दाखवते. तिसऱ्या ओळीत उत्तर होतं. ज्या यंत्रणांवर एसईलिनक्स हा जादा सुरक्षेचा थर चालू असतो तिथे याच्या जोडीला लेबलांची आणखी एक वही असते, आणि साधे अधिकार बरोबर असूनही तिथे अडू शकतं. विंडोजवर हायपर-व्हीतही हीच जात आहे. तिथे प्रत्येक मशीनला स्वतःचं खातं असतं, डिस्कच्या फायलीवर त्या खात्याला अधिकार दिलेला असतो आणि साध्या कॉपीत तो मागे राहतो.

ड्राइव्ह रीतसर स्वतःच्या जागी, एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणता ड्राइव्ह कुठे जोडायचा याच्या लिनक्सच्या यादीत, यूयूआयडीने नोंदवून जोडला. तिन्ही मशिनं उठली.

एक मधलाच प्रकार इथे सांगून टाकते. त्यांतल्या एका मशीनची डिस्क रॉ प्रकारची, नावाला १०० जीबी, पण ड्राइव्हवर खरी जागा घेत होती २३ जीबी, कारण न लिहिलेला भाग पोकळ होता. आरसिंक या कमांडने कॉपी करताना 'स्पार्स' हा पर्याय द्यायला विसरले आणि नव्या ड्राइव्हवर ती खरोखर १०० जीबीची झाली, ७७ जीबी निव्वळ शून्यांनी भरलेली. एलएस ही कमांड दोन्हीकडे १०० दाखवते, डीयू खरं सांगते. फॅलोकेट कमांडच्या 'डिग होल्स' पर्यायाने ते पोकळ भाग जागच्या जागी परत कोरता आले. मजकुराची बेरीज यात बदलत नाही, कारण वाचणाऱ्याला पोकळी आणि शून्य सारखंच दिसतं. नव्या ड्राइव्हवर जागा भरपूर होती म्हणून हे गैरसोयीवर निभावलं. ड्राइव्ह भरला असता तर मशिनं मधेच थिजली असती, आणि आत बसलेल्याला त्याचं कारण कळलं नसतं. ज्यांचा नवा ड्राइव्ह फॅट-३२ ने फॉरमॅट केलेला आहे त्यांना तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल नेता येत नाही. ते वेळीच अडतात, हेही एका अर्थी बरंच.

व्हीएमवेअरमध्ये हलवलेलं मशीन पहिल्यांदा सुरू केलं की एक प्रश्न येतो. हे मशीन तुम्ही हलवलंत की त्याची प्रत काढलीत? माझ्या या आठ-तीन मशिनांत व्हीएमवेअरचं एकही नव्हतं, पण तो प्रश्न मला नेहमी आठवतो. उत्तर 'प्रत' असं दिलं तर मशीनला नवी ओळख आणि नेटवर्क कार्डाला नवा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाची ओळख, मिळतो. मग राउटरने त्या जुन्या मॅकसाठी राखून ठेवलेला आयपी जातो, जुन्या लिनक्स पाहुण्यात नेटवर्क कार्डाचं नावच बदलतं, परवान्याला बांधलेले प्रोग्रॅम परवाना पुन्हा मागतात. 'हलवलं' म्हटलं तर सगळं तसंच राहतं. आणि आपण वस्तुतः काय केलेलं असतं? प्रत काढलेली असते, जुनी अजून त्या ड्राइव्हवर आहे. तरी उत्तर 'हलवलं' असंच द्यायचं, जोवर जुनी पुन्हा कधी नेटवर्कवर उठणार नसेल. फाइल काय झाली याच्याशी त्या प्रश्नाला कर्तव्य नाही. यापुढे या ओळखीने जगणार कोण, हे तो विचारतो. मला एवढा नेमका प्रश्न सॉफ्टवेअरने क्वचितच विचारलेला आहे.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला आणि केव्हीएमची तिन्ही मशिनं पुन्हा गायब. साठ्याची यादी चालू स्थितीत, आत शून्य फायली. आदल्या रात्री मी समाधानाने झोपले होते, त्यामुळे हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा वाटला. ड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बघितलं तर सगळ्या फायली आहेत. पुन्हा तेच. मला दिसतं, त्याला दिसत नाही.

कारण क्रमात होतं. एफएसटॅबमध्ये मी ड्राइव्हपुढे 'नोफेल' लिहिलं होतं, कधी ड्राइव्ह जोडलेला नसला तरी संगणक अडकू नये म्हणून. त्या शब्दाचा दुसरा अर्थ असा, की बाकीच्यांनी या ड्राइव्हसाठी थांबायचं नाही. व्हर्च्युअल मशिनांची सेवा आधी उठली, तिने फोल्डर उघडला, ड्राइव्ह अजून जोडला गेला नव्हता, म्हणून तिला मिळालं ते खालचं मोकळं फोल्डर. मोकळं फोल्डर हेही फोल्डरच असतं, त्यामुळे तक्रार कसली! अर्ध्या मिनिटाने ड्राइव्ह आला आणि त्या मोकळ्या फोल्डरावर पांघरूण पडलं. त्या अर्ध्या मिनिटात एखाद्याने तिथे फाइल लिहिली असती तर ती पांघरुणाखाली दिसेनाशी होऊन मुख्य ड्राइव्हची जागा खात राहिली असती. लिनक्समधल्या सेवा उठवणाऱ्या सिस्टिमडीत या सेवेला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ घालून तिला सांगितलं, हा पाथ जोडला गेल्याशिवाय उठू नकोस. नंतर तीन वेळा मुद्दाम रीस्टार्ट करून बघितलं. मशिनं चालली म्हणजे स्थलांतर संपलं असं मी आता मानत नाही. यजमान, म्हणजे बाहेरचा खरा संगणक, एकदा पूर्ण बंद होऊन उठावा लागतो.

आणि मग एक्सपी.

ते मशीन मी जुन्या ड्राइव्हवर असताना नीट शटडाउन केलेलं होतं, एवढी एक गोष्ट मनाशी पक्की होती. आपण अनेकदा मशीनची खिडकी बंद करताना 'स्थिती जपून ठेवा' निवडतो. मग मेमरीतलं अर्धं काम एका वेगळ्या फायलीत गोठतं. ती फाइल हलवताना मागे राहिली, किंवा नव्या ठिकाणी ती स्थिती उघडेना म्हणून टाकून द्यावी लागली, तर ते चालत्या संगणकाची वायर ओढण्यासारखं असतं. हलवायचं असेल तर आधी जागं करावं, आतून शटडाउन करावं, मग उचलावं. मी तसं केलं होतं. तरीही सुरू करण्याआधी पूर्ण फोल्डरची आणखी एक प्रत काढली, कारण या मशीनच्या बाबतीत मला धीर कमी आहे.

काळा पडदा, मग लोगो, मग त्याच्याखालून सरकणारी ती निळी पट्टी. नेहमीपेक्षा कमी वेळ सरकली, ड्राइव्ह नवा होता. डेस्कटॉप आला. आयकॉन जिथे ठेवले होते तिथे. मी प्रोग्रॅम उघडला, आतली सगळ्यात जुनी फाइल उघडली आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत खाली नेत गेले. वाचत नव्हते, फक्त प्रत्येक पान येतंय का ते बघत होते. मग सगळ्यात नवी उघडली, जी पाचव्या लेकरात होती. मग मधल्या काही. सगळी पानं आली.

बंद करण्याआधी आतला इव्हेंट व्ह्यूअर उघडला. यजमानाच्या बाजूने गेले दोन दिवस लॉगच लॉग वाचले होते. पाथ सापडत नाही, ओळख जुळत नाही, परवानगी नाही. आतून हे सगळं कसं दिसलं असेल, ते मला बघायचं होतं. तिथे शेवटून दुसऱ्या सत्राची नोंद होती, ६००६, इव्हेंट लॉगची सेवा थांबली. तिच्या लगेच वर ६००५, इव्हेंट लॉगची सेवा सुरू झाली. दोन ओळींच्या तारखांत चार दिवसांचं अंतर होतं. मधे काहीही नव्हतं.